म्हैसासुराची लेक

मी गाव सोडलं तो बोहाड्याचा शेवटचा दिवस होता. सकाळचे आठ वाजले असतील. संबळ वाजत होता, पिपाणी वर चढत चालली होती आणि सगळं गाव देवी-म्हैसासुराची लढाई बघायला देवळापुढे जमलं होतं. नाशिकला नर्सिंगच्या ट्रेनिंगची माझी मुलाखत नेमकी त्याच दिवशी निघाली. फाट्यावर जायचा सरळ रस्ता देवळापुढूनच जातो. पण मला त्या रस्त्याने जाता येत नव्हतं, कारण तिथे म्हैसासुर होऊन नाचत होता तो माझा बाप होता.

"मागल्या दारानं जा," आय म्हणाली. "आन वळून पाहू नको. आपल्या घरचं मरण आपण पाहू नाय."

पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मी भाताच्या सुकलेल्या खाचरांमधून निघाले. बांधावर पोचले तेव्हा मागून एकदम मोठा गलका उठला. म्हणजे बा पडला. दरवर्षी तो पडला की असाच गलका उठायचा. मी वळून पाहिलं नाही. फाट्यावर जीप मिळाली, घाट उतरून नाशिकच्या पेठ नाक्यावर आले, पंचवटीत एका लांबच्या मावशीकडे पेटी टेकवली. मुलाखत झाली, पुढे प्रवेश मिळाला, मग नोकरी. पाहुणी म्हणून पुष्कळदा गेले, पण राहायला म्हणून त्या घरात मी परत कधी गेले नाही.

बोहाडा काय असतो हे गावात राहिलेल्या तुम्हा मंडळींना सांगायला नको. पण माझ्यासारखे जे शहरात आले, त्यांच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून लिहिते. उन्हाळ्यात आपल्या पेठ-सुरगाण्याकडच्या गावांत मुखवटे घालून देव आणि राक्षस मिरवत नाचतात. त्यांना सोंगं म्हणायचं. प्रत्येक सोंग एकेका घराचं, बापाकडून पोराकडे जाणारं. आधी गणपती येतो, मग शारदा, मग मारुती, भीम, रावण असे रात्रभर एकामागून एक. शेवटी उजाडल्यावर देवी आणि म्हैसासुर. देवीने म्हैसासुर मारला की बोहाडा उठला, म्हणजे संपला. देवीचं सोंग परशरामकाकांच्या घरचं. म्हैसासुर आमच्या.

पोरं मला 'राक्षसाची पोर' म्हणून चिडवायची. गणपतीच्या घरची सुशी तर माझ्याशेजारी शाळेत बसायची नाही. मी रडत घरी आले की बा हसायचा. म्हणायचा, "आपण नाय गेलो तं देवी कोणाला मारल? तिला इचार की." त्याच्या दृष्टीने सगळा बोहाडा आमच्या घरावर उभा होता, आणि खरं सांगायचं तर ते खोटंही नव्हतं.

पण या मानाची एक रीत होती. म्हैसासुराच्या घरच्या बाईने ती लढाई बघायची नाही. दार लावून, दिवा लावून घरात बसायचं. चुलीवर पाणी तापत ठेवायचं. मेलेला म्हैसासुर घरी आला की त्याचे पाय धुवायचे, मुखवटा उतरवायचा, मगच तो परत माणूस. मुखवट्याला हात लावायचा तोही घरच्या माणसानेच, परक्याने नाही.

आय लग्न होऊन आली तेव्हापासून मरेपर्यंत तशी बसली. मीही तिच्याजवळ बसायची. तिला संबळावरून सगळं कळायचं. "आता वळला. आता देवी आली म्होरं. आता एक गुडघा टेकला," असं ती चुलीत लाकूड सारत सांगायची. मग गलका उठायचा आणि तिचा हात थांबायचा. लुटुपुटूची लढाई आहे हे तिला माहीत होतं, मलाही होतं. तरी दारावर बाची थाप पडेपर्यंत आम्ही दोघी बोलत नसू. पाय धुताना ती दरवर्षी त्याच्या घोट्यावर हात दाबून ठेवायची, जास्तच वेळ. मला तेव्हा ते समजलं नव्हतं. नंतर वॉर्डात नातेवाइकांना पेशंटचे पाय असे धरून बसलेले पाहिले तेव्हा समजलं.

आय गेली आणि ती जागा माझ्यावर आली. घरात बाई पाहिजे, आणि मी एकुलती एक. नऊ वर्षं मी बोहाड्याला रजा टाकून जात होते. रजा मागायची म्हणजे पुढच्या चार नाइट ड्युट्या कबूल करायच्या, कोणाचा तरी सण आपल्या अंगावर घ्यायचा. "सिस्टर, गावची जत्रा का? मजा आहे बुवा तुमची," असं इन्चार्ज म्हणायच्या. मजा! पेठ नाक्यावर जीप भरेपर्यंत तासभर उन्हात उभं राहायचं, घाटात ओकाऱ्या काढणाऱ्या बाईला पिशवी द्यायची, आणि गावात पोचून, लोक नटूनथटून देवळाकडे निघाले की आपण दाराला कडी घालून आत बसायचं. नवरा चेष्टेने विचारायचा, "तू जत्रेला जातेस की जेलमध्ये?" तो बिचारा सातपूरला कंपनीत, दुसऱ्या गावचा, त्याच्या घरचं कसलंच सोंग नाही. जावयाकडे सोंग जात नाही, म्हणून त्याची सुटका झाली होती.

दरम्यान बोहाडाही बदलत गेला. चिंध्यांचे हिलाल गेले, हॅलोजन आले. नाशिकहून गाड्या भरून फोटो काढणारे येऊ लागले. देवळासमोर फलक लागला, त्यावर देवीपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे. गावाच्या ग्रुपवर दरवर्षी म्हैसासुराच्या लढाईचा व्हिडिओ यायचा. मी तो कधी उघडला नाही. फोनमध्ये पाहिलं तर ते पाहणं धरायचं की नाही, हे विचारायला आय नव्हती. म्हणून मी तो पुसून टाकायची.

एकदा शहरातल्या आपल्या लोकांनी मिरवणूक काढली होती. मी ड्युटी संपवून येत होते, नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा अडकली. समोरून तारपं वाजवत पोरं आली, मागे टेम्पोवर सोंगं. त्यात फायबरचा म्हैसासुर, शिंगांना चमकी लावलेली. मी क्षणात पदर तोंडावर ओढला आणि खाली बघत बसले. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "ताई, उलटी होते का? सांगा, साइडला घेतो." काय सांगणार त्याला? भर द्वारकेच्या चौकात, हॉर्नच्या गोंगाटात, मी माझ्या जिवंत बापाचं मरण न बघण्याची रीत पाळत होते. रडू आलं आणि स्वतःचं हसूही आलं.

आता मागच्या वर्षीचं सांगते. सांगायचं टाळत आले आहे, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बा सत्तरी ओलांडलेला. मुखवटा शिवण झाडाच्या लाकडाचा, डोक्यावर पाटा घेतल्यासारखा जड. मी नको म्हटलं होतं, त्याने ऐकलं नव्हतं. मी नेहमीसारखी आत बसले. गलका उठला. पडल्यानंतर संबळ थोडा वेळ आणखी वाजतो आणि थांबतो, हे मला पाठ होतं. त्या दिवशी तो थांबेना. वाजतोय, वाजतोय. लोक शिट्ट्या मारत होते. म्हातारा यंदा रंग भरतोय असं सगळ्यांना वाटत होतं. म्हैसासुराने पडायचंच असतं, मग तो पडून राहिला तर शंका कोणाला येणार?

मला आली. पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी. मी उठले, कडीपर्यंत गेले. कडीला हात लावला आणि परत येऊन दिव्याजवळ बसले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आय बसली होती, एवढंच डोक्यात होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात हातचा पेशंट जातो हे मला कोणी शिकवायला नको होतं.

शेवटी दारावर धडाधड थापा. "मंजुळे, बा उठंना!" परशरामकाकांचा आवाज, देवीच्या साडीतच धावत आलेले. त्यांचा पाय बाच्या छातीवर होता, म्हणून पहिल्यांदा त्यांनाच कळलं.

मी पळाले. गर्दीने वाट केली. आणि काय पाहिलं, तर बा चित पडलेला, भोवती सगळं गाव कडं करून उभं, आणि मुखवटा अजून त्याच्या तोंडावर! कोणी काढला नव्हता. घरच्या माणसानेच काढायचा ना. आणि घरचं माणूस रीत पाळून घरात बसलेलं. कोणी दुष्ट नव्हतं तिथे. सगळी माझ्या बापावर जीव टाकणारी माणसं होती. सगळ्यांनी मिळून रीत पाळली होती, मीसुद्धा.

मुखवटा ओढून काढला. नाडी लागत होती, अगदी मंद. गावातल्या यशवंताची भाड्याची जीप होती, ती त्याने आणली आणि घाट असा उतरवला की मी आयुष्यात पुन्हा तसा उतरणार नाही. नाशिकला पेसमेकर बसवला. बा वाचला.

त्यानंतर तो आमच्याकडे म्हसरूळच्या फ्लॅटमध्ये राहिला. बाल्कनीत खुर्ची टाकून दिवसभर समोरच्या बिल्डिंगकडे बघायचा. एकदा म्हणाला, "तुमच्या हितं समदे रोजच दार लावून बसत्यात. रोज कोणाचं मरण ऱ्हातं गं?" मी चहा ठेवला.

माघ लागला तशी त्याची चुळबूळ सुरू झाली. यंदा परत नाचणार म्हणाला. मी ओरडले, नवरा समजावून थकला, डॉक्टरांनी सरळ नाही सांगितलं. "मंग बोहाडा उठायचा कसा?" एवढंच त्याचं. मी त्याला म्हटलं, "बा, आपण सोंग कोणाला तरी देऊन टाकू." त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवायचा, पण ताटाकडे बघून.

घेणारा शोधणंही सोपं नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी गावाला जाऊन घरं पालथी घातली. गणपती द्या, घेतो. मारुती द्या, दोन हातांनी घेतो. राक्षस म्हटलं की बायका आतून मान हलवायच्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मानापानाच्या गोष्टी पुरुषांच्या, दार लावून बसायचं बाईने. तुमच्यातल्या काही जणांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला. त्याचा मला राग नाही, पण मी फार दमले होते, एवढं सांगून ठेवते.

शेवटी यशवंता तयार झाला, तोच जीपवाला. त्याची बायको रंजना गावात आशाताई म्हणून काम करते. ती ओट्यावर बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घेऊ द्या त्याला. पण मी दार लावून नाय बसणार. मी म्होरं उभी ऱ्हाणार. पडला आन उठला नाय तं मीच उचलीन."

मला तिचा रागच आला. माझी आय जन्मभर बसली, मी बसले, बापाचा जीव जात असताना बसले, आणि हिने एका वाक्यात ते बोंबलाच्या डोक्यासारखं मोडून बाजूला टाकलं! बोलण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय?

गावात कुरकुर झाली. देवळात बैठक बसली. परशरामकाका एरवी रीतीचे फार कडक. ते खाली बघत म्हणाले, "गेल्या साली माझ्या पायाखाली माणूस जात व्हता आन आपण शिट्ट्या मारत व्हतो. मला रातची झोप नाय तवापासून. बघू द्या तिला." बैठक तिथेच मोडली.

बाला मी घरी येऊन सांगितलं. त्याने बाल्कनीतली खुर्ची आत ओढली. मग म्हणाला, "मुखवट्याला आतून तुझ्या आयच्या लुगड्याची घडी लावेल हाय, कपाळाला रुतू नाय म्हणून. तेवढी काढून ठेव. मंग दे." त्याचा होकार तो असा.

बोहाड्याच्या आदल्या दिवशी आम्ही उंबऱ्यावर मुखवटा ठेवला, कुंकू वाहिलं, नारळ फोडला. यशवंता वाकला आणि बाने स्वतःच्या हाताने तो त्याच्या डोक्यावर चढवला. आतून यशवंताचा आवाज आला, "लय जड हाय, काका." बा म्हणाला, "मंग? हलका राक्षस कोण मारंल?" सगळे हसले. मी आत जाऊन उगीच भांडी हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काय करावं ते कळेना. पाणी तापत ठेवायचं नव्हतं, दिवा राखायचा नव्हता. संबळ सुरू झाला तसे माझे हात सवयीने कडीकडे गेले. बा टोपी घालून ओट्यावर उभा होता. म्हणाला, "चल की." मी बाहेर आले आणि बोहाड्याच्या दिवशी आमच्या घराला पहिल्यांदा बाहेरून कुलूप लावलं. तुम्ही जे शहरात गेलात, ते म्हणाल, कुलपाचं काय एवढं, आमच्याही घरांना कुलपंच आहेत. बरोबर आहे. पण त्या दिवसापर्यंत माझ्यासाठी गाव म्हणजे ती कडीमागची जागा होती. मी तिथे लागते, माझ्याशिवाय तिथलं अडतं, याचा मला वैताग होता आणि त्याचाच आधार होता. किल्ली पर्समध्ये टाकली तेव्हा कळलं की आता इथे माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही. मी इतर पाहुण्यांसारखीच, सकाळच्या जीपने येऊन संध्याकाळच्या जीपने जाणारी. मोकळं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं.

शाळेच्या पायरीवर आम्हाला जागा मिळाली. म्हैसासुर आला. मी पहिल्यांदा पदराकडे हात नेला, मग खाली घेतला आणि बघितलं. काळा तुकतुकीत चेहरा, लाल जीभ, शिंगं अशी फिरवत होता की पुढची पोरं किंचाळून मागे पळत होती. पहिल्या रांगेत रंजना कमरेवर हात ठेवून उभी, भांडायला आल्यासारखी. बा चुका काढत होता. "पाय आपटतो नुसता. कमरेत वाक ना, कमरेत." देवी समोर आली तसा तो बोलायचा थांबला. परशरामकाकांनी तलवार उगारली. म्हैसासुराने एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग हळूच आडवा झाला. देवीने छातीवर पाय ठेवला आणि तो गलका उठला. जन्मभर भिंतीआडून ऐकलेला गलका मी पहिल्यांदा त्याच्या आत बसून ऐकला.

आणि मग असं झालं की देवीने पाय काढला, वाकून म्हैसासुराला हात दिला, त्याला उठवलं, आणि ती दोघं हातात हात धरून गोल नाचली. एक फेरा, दोन फेरे. त्याच नाचासाठी पडल्यानंतरही संबळ वाजत राहायचा. बायका दोघांवर कुंकू उधळत होत्या, म्हैसासुरावरसुद्धा. आमच्या राक्षसावर!

हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. सगळ्या गावाला माहीत, म्हणून कोणी सांगायचं? आणि आमच्या घरात त्या दिवसाबद्दल बोलायची बंदी.

मी बाला विचारलं, "तुला पण अशीच उठवायची देवी? दरवर्षी?"

"मंग? उठल्याबिगर घरी कसा येनार?" तो अजून समोर बघत होता. "पण आतून नुसते पाय दिसत्यात. नाकाच्या भोकातून किती दिसनार? मी बी आजच पाह्यलं."

"आयला हे सांगितलं होतंस?"

संबळ थांबला, लोक पांगू लागले, रंजना यशवंताच्या तोंडावरून मुखवटा उतरवत होती. बाने टोपी काढून टोपीनेच डोळे पुसले आणि म्हणाला, "नाय गं. तिला वाटायचं, मी मरूनच घरी येतो."